दोन कोर, चार कोर

"चार कोरचाच द्या," आई म्हणाली, आणि पर्स छातीशी धरूनच काउंटरजवळच्या स्टुलावर बसली.

काउंटरपलीकडे सुभाष आवटी उभे होते. सांगली-मिरज रस्त्यावर त्यांचं कॉम्प्युटरचं दुकान होतं. सुटे भाग आणून गिऱ्हाइकासमोर मशीन जोडून देणारे म्हणून त्यांना सगळे ओळखायचे. आम्ही काही त्या ओळखीनं गेलो नव्हतो. बसमधून उतरलं की पहिलं दुकान तेच लागायचं. मला मात्र ठाऊक होतं, ते गार्गीचे वडील होते.

गार्गी आवटी माझ्याच वयाची, माझ्यासारखीच नववीतली. जिल्ह्याच्या बुद्धिबळ स्पर्धेत दोन वर्षं ती पहिली आली होती आणि दोन वर्षं मी दुसरी. पटावर समोरासमोर बसायचो, हात मिळवायचो, डाव संपला की आपापल्या आयांकडे जायचो. त्यापलीकडे आमचं बोलणं नव्हतं.

"कशासाठी पाहिजे, वहिनी?" आवटींनी विचारलं.

"हिच्यासाठी. बुद्धिबळ खेळती ही."

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. "त्रिशला ना तू? मगदूमांची?"

मी मान हलवली आणि आईच्या कानात पुटपुटले, "गार्गीचे पप्पा आहेत हे." आईची पाठ ताठ झाली.

आवटींच्या ते लक्षात आलं की नाही कोण जाणे. ते एकेक विचारत गेले. कुठला प्रोग्रॅम चालवणार? मी दप्तरातून सीडी काढून दिली. कोल्हापूरच्या एका स्पर्धेत मला ती बक्षीस मिळाली होती. ती त्यांनी उलटसुलट करून बघितली, चष्मा कपाळावर सरकवून बारीक अक्षरं वाचली.

"लोडशेडिंगमध्ये काय करता?"

"इन्व्हर्टर आहे की," आई म्हणाली. "माझं शिवणाचं मशीन चालतं त्याच्यावर."

"मोटरवालं?"

"मोटरवालं. शिवाय ट्यूब, पंखा."

"घर स्वतःचं?"

"भाड्याचं. पोटमीटर लावलाय मालकानं. पण हे सगळं कशाला?"

"आणि कॉम्प्युटर दिवसाला किती वेळ चालेल?"

हे मी सांगितलं. आमचे बुद्धिबळाचे सर म्हणायचे, एखादा डाव मशीनला दिला की त्याला तासन्‌तास विचार करू द्यायचा. त्यांच्या स्वतःच्या घरी चार कोरचं मशीन होतं आणि तसंच घे असं त्यांनी मला सांगितलं होतं.

आवटींनी सीडी परत माझ्या हातात दिली. "वहिनी, चार कोरचा घेऊ नका. हा दोन कोरचा घ्या. किंमत जवळजवळ निम्मी, वीज कमी खाईल, आणि हिच्या कामाला हाच जास्त पळेल."

"दोन कोरचा चारापेक्षा जास्त पळेल?"

"हिच्या कामाला."

आई पंधरा वर्षं लोकांचे ब्लाउज शिवत होती. कापडवाले, दोरेवाले, अस्तरवाले, सगळ्यांशी तिचा रोजचा वाद. स्वस्तातलं घ्या म्हणणारा दुकानदार तिनं आयुष्यात पाहिला नव्हता. "घरी विचारून येते," एवढंच म्हणून ती उठली. बाबा सूतगिरणीत पाळीवर असायचे आणि घरातलं काहीच विचारायचं नाही असा त्यांचा शिरस्ता होता, तेव्हा त्या बोलण्याचा अर्थ मला कळला.

रस्त्यावर आल्यावर तिचा तोल सुटला. "बघितलंस? स्वतःच्या पोरीला चारचाच दिला असणार, आपल्याला दोन! मी काय खुळी आहे होय?"

"आई, पण त्यांनी..."

"त्यांनी काय? त्यांची पोर पहिली येती. तुला चांगलं मशीन दिल्यावर येईल का? बाप आहे तो तिचा."

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटत होतं. त्या वर्षी दिवाळीनंतर राज्य स्पर्धा होती. तिथल्या पहिल्या दोघी राष्ट्रीय स्पर्धेला जाणार होत्या. आईनं आधीच बजावलं होतं, निवड झाली तर दहावीतही खेळ, नाहीतर पट माळ्यावर. भिशीचा नंबर लागला तेव्हा तिनं नवं शिवणयंत्र घ्यायचं बाजूला ठेवून कॉम्प्युटर घ्यायचं ठरवलं, ते काही तिला बुद्धिबळ कळत होतं म्हणून नव्हे. मी हरून आले की जेवत नसे, तेवढं तिला कळत होतं.

पुढच्या चौकात दुसरं दुकान होतं. मोठं, काचेच्या दाराचं. तिथल्या विक्रेत्यानं आम्हाला थंड पाणी दिलं आणि काही न विचारता चार कोरचा डबा समोर ठेवला.

"चार कोर म्हणजे चार डोकी, ताई. दोन डोकी बरी का चार?"

"चार," आई म्हणाली.

"मग झालं तर!"

आईनं पर्सची चेन उघडली. मग तिचा हात थांबला. "इन्व्हर्टरवर चालेल ना?"

"का नाही चालणार?"

"शिवणाच्या मोटरबरोबर?"

"सगळं चालतंय हो. तुम्ही नका काळजी करू."

"वीज किती खाईल?"

"किरकोळ, ताई. किरकोळ."

आईनं चेन लावली. बाहेर येऊन ती उसाच्या रसाच्या गाड्याजवळ उभी राहिली, पण रस काही घेतला नाही.

"त्यानं विचारलं तरी," ती शेवटी म्हणाली.

"कुणी?"

"त्या आवटीनं. घर कुणाचं, मीटर कुणाचा, मोटर आहे का. हा नुसताच हो म्हणतोय."

आम्ही परत वळलो. आवटी एका गिऱ्हाइकाशी बोलत होते. ते जाईपर्यंत आई दारातच थांबली, मग आत जाऊन म्हणाली, "तुम्ही म्हणता ते मला डोळ्यांनी दाखवा. पटलं तर घेते."

आता हा माणूस चिडणार, असं मला वाटलं. दुसरा कुणी असता तर चिडलाच असता. आवटी म्हणाले, "रविवारी दुकान बंद असतं. सकाळी या. सीडी आणायला विसरू नका."

रविवारी आम्ही गेलो तेव्हा शटर अर्धं वर होतं. वाकून आत गेलो. लांब टेबलावर दोन कॅबिनेट उघडी करून ठेवली होती, आतले पंखे, वायरी सगळं दिसत होतं. दोन्हींच्या प्लगमध्ये एकेक छोटा मीटर अडकवला होता. आणि टेबलाशी, हातात स्क्रू-ड्रायव्हर घेऊन, तोंड फुगवून गार्गी बसली होती.

मला बघून ती हसली नाही. मीही हसले नाही.

"गार्गी, सीडी घाल," आवटी म्हणाले. "आधी यात, मग त्यात. आणि कुठला तरी डाव मांड. दोन्हीकडे तोच."

तिनं मांडला. तो डाव मी लगेच ओळखला. जिल्ह्याच्या अंतिम फेरीत मी जिथं हार मानली होती, नेमकी तीच स्थिती. माझे कान तापले. पण मशीनं विचार करू लागली आणि मला ते विसरायला झालं. पडद्यावर आकडे धावत होते. सेकंदाला किती चाली तपासल्या, किती खोल गेलं, कुठली चाल बरी. दोन्ही पडद्यांवर तेच आकडे, पण सारख्या वेगानं नव्हे. डावीकडचा, दोन कोरचा, हळूहळू पुढं सरकला. सोळा चालींच्या खोलीला तो आधी पोचला. चार कोरवाला थोड्या वेळानं आला.

"हे उलटं कसं?" आईनं विचारलं.

आवटींनी स्टूल ओढून घेतलं. "कोर म्हणजे काम करणारा गडी समजा. या सीडीतला प्रोग्रॅम जुना. त्याला एकाच गड्याकडून काम करून घेता येतं. तुम्ही चार ठेवले तरी तिघं बसून राहणार, आणि बसल्याबसल्या जेवणार. त्यातून या चार कोरवाल्यातला एकेक गडी जरा संथ आहे. दोन कोरवाल्यातला चपळ."

"आणि जेवण कोण किती जेवतं?"

आवटी हसले आणि त्यांनी मीटरकडे बोट दाखवलं. आई खाली वाकली. दोन कोरवाल्याचा आकडा पंच्याऐंशी वॅटच्या आसपास हलत होता, चार कोरवाल्याचा एकशे वीसच्या. आईनं मनातल्या मनात हिशेब केला. पोटमीटरनं तिला युनिटचा हिशेब शिकवला होता.

"लोडशेडिंगमध्ये हा लावला तर तुमची मोटर चालेल," आवटी म्हणाले. "तो लावला तर बॅटरी आधीच मान टाकेल. मग मशीन तरी बंद ठेवा, नाहीतर शिवण तरी."

आईनं त्या उघड्या कॅबिनेटमध्ये पाहिलं, पंख्यासमोर तळहात धरून कुणाचा वारा जास्त गरम येतो तेही बघितलं. मग सरळ उभी राहिली.

"आणि तुमच्या घरी काय आहे?"

आवटींनी उत्तर दिलं नाही. ते गार्गीकडे बघत राहिले. गार्गी टेबलाची कड नखानं खरवडत होती. मला वाटलं, आता काहीतरी थाप मारणार हे लोक.

"चार कोरचा," गार्गी म्हणाली.

"मग?" आईचा आवाज चढला.

"माझा प्रोग्रॅम वेगळा आहे. तो चारही कोर वापरतो." तिनं खिशातून दुसरी सीडी काढली, वडिलांकडे एकदा बघितलं आणि चार कोरच्या मशीनमध्ये घातली. तोच डाव. या खेपेला आकडे असे पळाले की मला ते वाचता येईनात. जवळजवळ तिप्पट वेग. मीटर दीडशेच्या वर गेला.

"म्हणजे माझी पोर मागंच," आई म्हणाली.

"मशीनच्या बाबतीत, हो," आवटी म्हणाले. "हा प्रोग्रॅम महाग आहे. मशीनपेक्षा महाग. आत्ता तो घ्या असं मी म्हणणार नाही. दोन कोरवाल्याला जास्त वेळ द्यावा लागेल एवढंच. वीज कमी खातो, त्यामुळे वेळ देता येईल."

आईनं मीटरकडे आणखी एकदा बघितलं. पर्स उघडली आणि दोन कोरचं मशीन जोडून द्यायला सांगितलं. जोडलं गार्गीनंच. स्क्रू आवळताना तिनं एकदाही वर पाहिलं नाही.

ते मशीन आमच्या घरात आईच्या शिवणयंत्राशेजारी बसलं. वीज गेली की शेजारपाजारी अंधार व्हायचा आणि आमच्या खोलीत आईची मोटर घरघरायची, मशीनचा पंखा गुणगुणायचा. मी डाव लावून द्यायची आणि त्याचा विचार होईपर्यंत आईच्या ब्लाउजना हूक लावत बसायची. त्या वाट बघण्याचा एक फायदा झाला. मशीन काय सांगेल ते आधी मीच ओळखून बघायला लागले. दहा हूक लावून होईपर्यंत मनात एक चाल ठरवायची, मग पडद्याकडे बघायचं. सुरुवातीला सगळं चुकायचं. दिवाळीपर्यंत कमी चुकायला लागलं.

राज्य स्पर्धा नगरला झाली. शेवटून दुसऱ्या फेरीत गार्गी आणि मी समोरासमोर आलो. पहिल्या चाली ती भराभर खेळली, घरी मशीनवर बघून आलेल्या चाली खेळतात तशा. मग मी एक साधी, जरा बावळट दिसणारी चाल केली आणि ती थांबली. तिच्या मशीननं ती चाल बहुधा कधी दाखवलीच नव्हती. तिथून पुढं आम्ही दोघीच होतो. डाव चार तास चालला, हॉलमधली इतर टेबलं रिकामी झाली, आणि शेवटी माझं एक प्यादं शेवटच्या रांगेत पोचलं. गार्गीनं हात पुढं केला. तिचा हात बर्फासारखा गार होता.

मी दुसरी आले. ती अर्ध्या गुणानं तिसरी.

बाहेर आवटी उभे होते. ते माझ्याजवळ आले, "फार छान खेळलीस," म्हणाले, आणि पाठमोऱ्या चाललेल्या मुलीमागं भराभर निघून गेले.

आठवड्याभरानं ते आमच्या घरी आले. जिना चढून धापा टाकत होते. आधी त्यांनी आमच्या मशीनचं झाकण काढलं, फुंकर मारून सुताचे तंतू उडवले. आईनं चहा ठेवला. कप हातात घेतल्यावर ते म्हणाले, "वहिनी, राज्यापर्यंत हे पुरलं. राष्ट्रीयला पुरणार नाही. तिथं येणाऱ्या मुलींकडं चार कोर आहेत, तसे प्रोग्रॅम आहेत. आमच्या घरचं मशीन रिकामं पडलंय. शाळा सुटल्यावर हिला रोज आमच्याकडं येऊ दे."

आईनं विचारलं, "रिकामं का?"

"गार्गी खेळणार नाही म्हणते आता."

"आणि ही तिथं येऊन बसली तर तिला काय वाटेल?"

"वाईट वाटेल," आवटी म्हणाले. "वाटू दे थोडं. दार लावून बसण्यापेक्षा ते बरं."

मी जायला लागले. आवटींचं घर दुकानाच्या वरच होतं. गार्गीची आई, म्हणजे काकू, दार उघडायच्या, पोहे किंवा चिवडा पुढं ठेवायच्या, आणि मी बाहेरच्या खोलीत त्या वेगवान मशीनसमोर बसायची. आतल्या खोलीचं दार बंद असायचं. पलीकडे ती आहे हे मला कळायचं, कारण मधूनच रेडिओचा आवाज वाढायचा. मी माऊससुद्धा हळूच दाबायची. दुसऱ्याच्या ताटात जेवल्यासारखं वाटायचं.

असे काही दिवस गेले. एका संध्याकाळी मी एका डावावर अडून बसले होते. मशीन एक चाल दाखवत होतं आणि ती का चांगली हे मला कळत नव्हतं. आतलं दार उघडलं. गार्गी पाणी प्यायला आली, तांब्या हातात घेऊन माझ्या मागं थबकली.

"घोड्याकडं काय बघतीयस? हत्तीकडं बघ," ती म्हणाली.

मी बघितलं. तरी कळेना.

"अगं, तो उंट हलला की हत्तीची वाट मोकळी होती." तिनं तांब्या टेबलावर ठेवला, शेजारची खुर्ची ओढली आणि माऊस माझ्या हातातून घेतला.

त्यानंतर ती रोज बसायची. मी सावकाश विचार करणारी, एकेक गोष्ट चाचपून बघणारी. ती झटकन बघणारी, पण लगेच कंटाळणारी. मशीननं एखादी चाल दाखवली की तिला ती दिसायची आणि ती का, हे मला शोधावं लागायचं. मी शोधून सांगितलं की ती म्हणायची, "हां, म्हणजे म्हणून होय!" स्वयंपाकघरातून काकू आमचं ऐकत असाव्यात. हळूहळू पोह्यांच्या दोन बशा एकाच टेबलावर येऊ लागल्या.

राष्ट्रीय स्पर्धा बंगळूरला होती. माझ्याबरोबर आई येणार होती. निघायच्या आधी आई मला घेऊन आवटींच्या दुकानात गेली आणि त्याच स्टुलावर बसली.

"हे मशीन तर काही गाडीतून नेता यायचं नाही," ती म्हणाली.

"नाही, ते कसं नेणार?" आवटी म्हणाले.

"मग तुमची पोर देता का माझ्याबरोबर? मी नेते, मी आणते. माझ्या पोरीसारखी सांभाळीन. मला त्या पटातलं काय कळतंय? संध्याकाळी हिनं कुणाशी बोलायचं?"

आवटींनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. "तिला विचारा," एवढंच म्हणाले.

गार्गी पायरीवर उभी राहून ऐकत होती. "माझं तिकीट कोण काढणार?" तिनं विचारलं.

"मी," आई म्हणाली. "नवं शिवणयंत्र आणखी एक वर्ष थांबलं तर कुणी मरत नाही."

"तिकीट मी काढीन, वहिनी," आवटी म्हणाले. आणि ते त्यांनीच काढलं, आईनं कितीही वाद घातला तरी.

बंगळूरला आम्ही एका लॉजमध्ये एकाच खोलीत राहिलो. आई सूर्यास्तानंतर जेवत नसे, त्यामुळे फेरी संपली की ती आम्हाला आधी जेवायला बसवायची, स्वतः चार घास खायची आणि भिंतीकडे तोंड करून लवकर आडवी व्हायची. मग पलंगावर पट मांडून गार्गी आणि मी बसायचो. दुसऱ्या दिवशीच्या मुलीचे जुने डाव गार्गी पाठ करून आलेली असायची. "ही पोरगी घाईत वजीर काढती बघ," असं सांगायची, आणि खरंच दुसऱ्या दिवशी ती मुलगी वजीर काढायची. माझ्यासमोर कितीतरी मुली बसल्या ज्यांच्याबरोबर प्रशिक्षक आले होते, लॅपटॉप आले होते. माझ्याबरोबर गार्गी होती.

शेवटच्या फेरीच्या आदल्या संध्याकाळी आमची तयारी झाली होती. गार्गी सोंगट्या डब्यात भरत होती. भरता भरता म्हणाली, "त्या रविवारी मी दुकानात का होते, माहितेय तुला?"

"तुझ्या पप्पांना मदत करायला."

"नाही." तिनं काळा राजा हातात फिरवला. "तुम्ही पहिल्यांदा आलात ना, त्या दिवशी पप्पांनी घरी सांगितलं. मी म्हटलं, विका की त्यांना चार कोरचा. मागतायत तर द्या. तुझी ती सीडी एकाच कोरवर चालती, हे मला माहीत होतं. कोल्हापूरला तुला बक्षीस मिळालं तेव्हा मीही होते, त्या सीडीवरच वाचलं होतं. म्हटलं, घेऊ दे, चालू दे हळूहळू, तापू दे."

मी हातातलं प्यादं खाली ठेवलं.

"पप्पा रागावले असते ना, तर बरं झालं असतं. ते काहीच बोलले नाहीत. रविवारी ये म्हणाले, दोन्ही मशीनं तूच जोड. सगळं माझ्याकडून करून घेतलं. आणि तुझ्या आईनं विचारलं, तुमच्या घरी काय आहे, तेव्हा गप्पच बसले. आठवतंय? माझ्याकडं बघत राहिले नुसते. दुसरी सीडी दाखवायचं तर त्यांनी सांगितलंसुद्धा नव्हतं. ती मी सकाळी निघताना आपली आपणच खिशात टाकली होती. दाखवायची की नाही, तोपर्यंत ठरलं नव्हतं माझं."

"मग दाखवलीस का?"

तिनं खांदे उडवले. "तुझी आई पंख्यासमोर हात धरून बघत होती ना, कुठला गरम येतो ते. मला कसंतरीच झालं."

तिनं राजा डब्यात टाकला आणि झाकण लावलं. उठून मी तिच्या अंगावर तिची शाल टाकली, कारण खोलीत गार वारा येत होता. भिंतीकडे तोंड करून झोपलेल्या आईनं कूस बदलली.

शेवटच्या फेरीत मी बरोबरी केली. सातवी आले. पदक नाही, पण पहिल्या दहाजणींना मिळतं ते प्रमाणपत्र मिळालं. बारावीनंतर खेळाडूंच्या राखीव जागेतून मला नोकरी लागली, ती त्या कागदावर. आई आज डोळ्यांना त्रास नको म्हणून शिवण करत नाही आणि मी तिला करू देत नाही, तेही त्यामुळेच. गार्गी त्याच्या पुढल्या वर्षी पुन्हा खेळायला लागली आणि राज्यात पहिली आली. त्या स्पर्धेत मी तिच्याकडून हरले आणि त्या रात्री जेवले. आवटीकाकांना मी दर पाडव्याला भेटायला जाते. त्यांना अजून वाटतं की मी नुसती रीत म्हणून येते.

पण मला सांगायचं आहे ते बंगळूरच्या शेवटच्या फेरीच्या दुपारचं. हॉलमधून बाहेर आले तेव्हा पायऱ्यांवर आई आणि गार्गी शेजारी शेजारी बसल्या होत्या. दोघींनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं हे त्यांच्या चेहऱ्यांवरूनच दिसत होतं. मला बघताच गार्गी उठून पळत आली.

"तो हत्ती घेतला का तिनं?"

"घेतला."

"आणि मग?"

"मग बरोबरी. सातवी."

तिनं मला अशी मिठी मारली की माझी वेणी तिच्या हातात अडकली. आई सावकाश उठली, पायरीवरचा स्टीलचा डबा उघडला. घरून आणलेले बेसनाचे लाडू होते, निकाल लागेपर्यंत कुणालाही हात लावू दिला नव्हता. मी तोंड पुढं केलं.

आईनं पहिला लाडू गार्गीच्या तोंडात घातला.

"आई, खेळले मी!" मी म्हणाले.

"माहितेय," आई म्हणाली. तिनं पदरानं गार्गीच्या ओठाला लागलेलं बेसन पुसलं आणि तिच्या गालावर हात तसाच ठेवला. "हिला भूक लागली असेल. काल मी जागीच होते. त्या दिवशी दुकानात माझ्या पोरीसाठी हिनं खरं सांगितलं, बाई. किती जड गेलं असेल."

गार्गी लाडू तोंडात धरूनच रडायला लागली. मग आईनं दुसरा लाडू उचलला आणि मला जवळ ओढलं.